चार्ज देताना

ही किल्ली. कुलूप अर्ध्यावर अडतं,
दाराला गुडघा लावायचा, मग उघडतं.
पूर्वी इथे जुने एक्स-रे ठेवायचे.
कपाटामागून अजून एखादा हात निघतो,
फेकू नकोस, कुणाचा आहे कुणास ठाऊक.

खोली नंबर नऊ. चोपड्याच्या या दवाखान्यात
पटकन सापडत नाही, ते बरंच आहे.
सासू सोबत असली की कोकिळा सिस्टर म्हणतात,
"चल बाई, रक्त तपासायचंय,"
आणि एकटीला इकडे आणतात.
त्यांच्या डोळ्यांवर भरवसा ठेव.
वैजंता म्हणाली होती, केळीचा घड निसटला, मानेवर आला.
सिस्टर लहानपणी आईबरोबर घड वाहिलेल्या.
एवढंच म्हणाल्या,
"घडाला फण्या असतात गं. बोटं नसतात."

नंबर भिंतीवर आहेत.
निंबा सोनवणे, हवालदार. दुपारी दोननंतर लाव.
ते बाईच्या समोर बसत नाहीत, बाजूला बसतात.
हे मी शिकवलेलं नाही.
फरजाना पिंजारी, वकील. उशीर झाला तर रागावू नकोस,
तिच्या मुलीला दमा आहे.
संरक्षण अधिकारी: तीन तालुके, एक मोटरसायकल.
उचलला नाही तर पुन्हा लाव.
मी एकदा एकोणीस वेळा लावलाय.
जळगावचं निवारागृह आधी "जागा नाही" म्हणेल.
तेव्हा विचारायचं, गादी आहे का?
गादी असते.

बाकी विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस:
तिनं एकदाच सांगायचं.
पूर्वी केसपेपरच्या खिडकीत सांगायच्या,
मग डॉक्टरांना, मग ठाण्यात,
मग ठाण्यातल्याच दुसऱ्या टेबलाला.
अडावदकडची एक बाई चौथ्या टेबलावर म्हणाली,
"काही नाही, पडले मी,"
आणि साडेपाचच्या एसटीनं घरी गेली.
तिचा कागद सगळ्यात खालच्या कप्प्यात आहे.
वाचू नकोस. तिथे आहे, एवढं माहीत असू दे.

म्हणून आता सगळे इथे येतात,
दातांच्या विभागातून खुर्च्या आणून बसतात.
ती बोलते, एक जण लिहितो, बाकीचे ऐकतात.
जो तेच पुन्हा विचारेल त्याला चहा आणायला पाठव.
हवालदारालाही.

फॉर्मच्या शेवटी प्रश्न आहे: कोणती मदत हवी?
वैद्यकीय, पोलीस, कायदा, निवारा, इतर.
वैजंता रकान्यांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "माले जपानं शे."

अख्खं सरकार बसलं होतं त्या खोलीत,
आणि झोपेचा चार्ज कुणाकडेच नव्हता.
फरजानानं ओढणी काढून खिडकीला बांधली.
सिस्टरनी तपासणीच्या टेबलावर चादर घातली.
निंबा स्टूल घेऊन दाराबाहेर गेले.
मी तिच्या पोराला घेऊन व्हरांड्यात,
तो ॲम्ब्युलन्सची चाकं मोजत होता.
तीन तास झोपली.

'इतर'पुढे मी तिचाच शब्द लिहिला.
वरून पत्र आलं: जपणे म्हणजे नेमकी कोणती सेवा, खुलासा करावा.
मी कळवलं: अहिराणीत याचा अर्थ झोपणे.
तुमच्याकडचा अर्थही चालेल.
प्रत फाईल एक्केचाळीसमध्ये आहे,
टॅग आले नव्हते म्हणून केळीच्या सोपटानं बांधलेली.

दोनदा परत गेली ती.
तिसऱ्यांदा आली तेव्हा नवी फाईल केली नाही,
तीच उघडली, जिथे थांबलो होतो तिथून.
का गेलीस, हे कुणाला विचारू नकोस.
त्याला रकाना नाही, आणि नसलेलाच बरा.

पंखा तीनवर ठेवू नकोस, कागद उडतात.
चादर सोमवारी धुवायला जाते.
उद्या सोमवार आहे.